बिब्बा उतला

बेहाल्यात आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. नवऱ्याची इथे बदली झाली आणि वर्षभरात माझा उजवा गुडघा दुखायला लागला. डॉक्टर म्हणाले, संधिवाताची सुरुवात आहे. त्यांच्या गोळ्यांनी पोटात जळजळ व्हायची. त्यातच साताऱ्याहून सासूबाई राहायला आल्या. त्यांना इथली बंगाली येत नव्हती, शेजारपाजारी बोलायला कुणी नाही; माझा गुडघा हेच त्यांचं काम झालं. निर्गुडीच्या पाल्यानं शेकून झालं, एरंडेल चोळून झालं. मग एका दुपारी त्यांनी पिशवीतून बिब्बे काढले.

"आमच्याकडे सगळे लावतात. चटका बसेल जरासा, पण दुखणं पळतं बघ."

सुईला टोचलेला बिब्बा त्यांनी निरांजनावर धरला आणि सुटलेलं काळं तेल गुडघ्यावर टेकवलं. दुसऱ्या दिवशी मला खरंच हलकं वाटलं. तसं सांगितल्यावर त्या केवढ्या खुलल्या!

पुढच्या रात्री खाज सुटली. सकाळी पाहते तर मांडीपर्यंत फोड, आणि डोळे सुजून जेमतेम उघडत होते. मी हाक मारली. सासूबाई दारातच थबकल्या.

"बिब्बा उतला गं," त्या अगदी हळू म्हणाल्या.

"म्हणजे काय होतं, आई?"

"माझ्या बहिणीला उतला होता."

"मग?"

"खोबरं किसते," म्हणून त्या आत गेल्या. खोबऱ्याचं दूध त्यांनी फोडांवर लावलं. आणि मला त्यांचं ते न बोलणंच जास्त भिववत होतं. दुपारी लघवी चहासारखी गडद झाली. नवरा दौऱ्यावर, गुवाहाटीला. त्याचा फोन लागेना.

ऑटो करून आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांना 'बिब्बा' कळेना. मला हिंदी शब्द आठवेना; भीतीनं डोकंच चालत नव्हतं. शेवटी 'भिलावा' आठवला. ऐकताच त्यांचा चेहरा बदलला.

"पोटात घेतलात? श्वास घ्यायला त्रास होतोय?"

दोन्हीला मी नाही म्हणाले. त्यांनी इंजेक्शन दिलं, रक्त-लघवी तपासायला सांगितली. रिपोर्टची वाट बघत आम्ही बाकावर बसलो. मी पुन्हा विचारलं, "आई, बहिणीचं काय झालं होतं?"

"गेली ती," सासूबाई समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "बाळंतपणात तिला बिब्बा दुधातनं दिला होता. अंग सुजलं, लघवी बंद झाली. लावल्यानं काही होत नाही, खाल्ल्यानंच होतं, असं सगळे म्हणत. मीही तेच धरून बसले."

त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. त्यांना धीर द्यावा की ओरडावं, मला कळेना. मी दोन्हीपैकी काही केलं नाही. फक्त माझं नाव कधी पुकारतात, तिकडे कान लावून बसले.

मूत्रपिंडं ठीक होती. दिवसभर पाणीच प्यायले नव्हते, म्हणून तसा रंग आला असावा, असं डॉक्टर म्हणाले. सूज आठवडाभरात उतरली, कातडी सोलून निघाली, गुडघ्यावर काळे डाग राहिले. दुखणंही तसंच राहिलं.

दवाखान्यातून परतलो, त्याच संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला होता. मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी तो माझ्या हातून घेतला. "मी लावला तिला," त्या म्हणाल्या. पलीकडून तो काय बोलला, ते मला ऐकू आलं नाही.

उरलेले बिब्बे कचऱ्यात टाकायचीही त्यांना भीती वाटली; कचरा उचलणारीच्या हाताला लागले तर? ते एका डब्यात घालून, झाकण घट्ट बंद करून, वरून चिकटपट्टी लावून त्यांनी तो डबा माळ्यावर ठेवायला लावला. अजून तिथेच आहे. दिवाळीची साफसफाई करतानाही मी त्या कोपऱ्याला हात लावत नाही.