आमचा मंगळ दुसऱ्या मजल्यावर होता

काल भाच्याने फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. परदेशातली शास्त्रज्ञ मंडळी एका बंद घरात मंगळावर असल्यासारखी राहतात, मुद्दाम संपर्क तोडतात आणि कसं निभावतं ते बघतात. खाली त्याची टीप… 'आपल्याकडे हे कुणाला सुचलं असतं का?'

सुचलं होतं, बाळा. कोल्हापुरात, तू चड्डीत होतास तेव्हा.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी कॉन्व्हेंटमध्ये सायन्स शिकवायचे. विज्ञान प्रदर्शनासाठी मी आठवीच्या चार मुली घेऊन मंगळ मोहीम बसवली. तळमजल्यावरची लॅब म्हणजे पृथ्वी, दुसऱ्या मजल्यावरची भूगोलाची खोली म्हणजे मंगळ.

निरोप चिठ्ठीने जायचे. आमच्या शिपाई अक्काताई चिठ्ठी घेऊन जिन्यात दहा मिनिटं बसायच्या आणि मगच वर जायच्या, कारण मंगळावर निरोप पोचायला वेळ लागतो. "पोरी वर, तुम्ही खाली, आणि मी मधीच लोंबकळतीया," म्हणायच्या. पण घड्याळ बघूनच उठायच्या.

हेडमिस्ट्रेस सिस्टरना हा सगळा पोरखेळ वाटत होता. त्यांची अट एकच… मोहिमेचा शेवटचा एक तास संपर्क बंद, आणि तेवढ्यात मुलींनी सर्किट जोडून बल्ब लावायचा. नाही लागला तर प्रदर्शनाला भरतकाम जाईल.

भरतकाम! मला अजून राग येतो.

तास सुरू झाला आणि माझं लक्ष टेबलावर गेलं. सर्किटची वायर तिथेच पडली होती. सेल आणि बल्ब मी वर पाठवले होते, वायर विसरले होते… चूक सरळसरळ माझी.

वायर घेऊन मी धावत वर गेले आणि दार वाजवलं. आतून सुशीलाचा आवाज आला. मुरगूडची मुलगी, बोर्डिंगमध्ये राहणारी, मोहिमेची कॅप्टन. तिला 'टीचर' म्हणायला शिकवण्यात माझा महिना गेला होता.

"बाई, परत जावा. तुम्ही पृथ्वीवर हाय."

"अगं, वायर राहिली खाली."

"म्हाईत हाय. पृथ्वीवरनं अशी वायर येत न्हाय."

वायर घेऊन परत फिरले. अक्काताईंनी जिन्यात सरकून मला जागा दिली. उरलेला वेळ आम्ही दोघी तिथेच बसलो.

तास संपल्यावर सिस्टरनी स्वतः दार उघडलं. बल्ब लागला होता. आणि चौघींचे केस मोकळे, पिंजारलेले… आमच्या शाळेत त्याला शिक्षा होती. पोरींनी वेण्यांतल्या पिना काढून, टोकांचा काळा रंग फरशीवर घासून, एकीला एक अडकवून वायर केली होती.

सिस्टरनी आधी केस बघितले, मग बल्ब.

"केस बांधा," त्या म्हणाल्या. "प्रदर्शनाला असं जायचं नाही."

गेल्या महिन्यात माझी मुलगी बदली होऊन नव्या गावी गेली. दोन दिवस तिचा फोन नाही. मी पिशवीत चटणी, भाकरीचं पीठ, औषधं भरली, गाडीची वेळही विचारून आले… आणि दाराला कुलूप लावताना मुरगूडचा तो आवाज कानात आला.

परत आत गेले. पीठ डब्यात ओतलं.

तिसऱ्या दिवशी फोन आला, सगळं ठीक होतं. सुशीला, तू कुठे आहेस माहीत नाही… पण बाई अजून पृथ्वीवरच आहेत गं.