देवघरातला नंबर

सोनपेठला एका आडत व्यापाऱ्याकडं मी नऊ वर्षं गाडी चालवली. नऊ वर्षांत त्या पांढऱ्या अँबॅसिडरला एक ओरखडा नाही. एकदा मालकीणबाईंची नथ सीटखाली सापडली, ती तशीच नेऊन दिली, वर चहासुद्धा घेतला नाही. एवढं करून शेवटी माझ्या नावापुढं काय लागलं? चोर. आणि तेही एका रेडिओपायी!

मालकाचे जावई आखातात नोकरीला. त्या दिवाळीला ते गाडीत बसवायचा रेडिओ घेऊन आले, कॅसेटही लागायची त्यात. परभणीच्या मिस्त्रीकडून बसवून घेतला आणि आठवड्यात परत गेले. मालक नुसते हरखून गेलेले. पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला निघालो तर प्रत्येक गाव आलं की म्हणायचे, "काचा खाली कर, आवाज वाढव." लोकांनी वळून बघितलं की मिशीतल्या मिशीत हसायचे.

मग रविवार आला. रविवारी सकाळी टीव्हीवर देवादिकांची मालिका लागायची आणि नेमकी तेव्हाच लाइट जायची. मालकाच्या घरी त्यावर तोड होती. गाडीची बॅटरी काढायची, ओसरीवर आणायची आणि छोट्या टीव्हीला वायरी जोडायच्या. अर्धी गल्ली चपला काढून, हात जोडून बसायची. बॅटरी काढायचो मी, पण मालकाच्याच हुकमानं. त्याही रविवारी काढली, मालिका संपल्यावर परत जोडली.

सोमवारी मालकांनी रेडिओचं बटण दाबलं. आवाज नाही. नुसती चार इंग्रजी अक्षरं लुकलुकायला लागली.

"काय केलंस रे?"

"काईच न्हाई, मालक."

"परवा लागत होता, आज लागंना. खरा रेडिओ कुठं इकलास?"

मला आधी कळलंच नाही. त्यांच्या मते मी आखातातला माल विकून तसाच दिसणारा मोडका डबा बसवला होता. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते ते. आमच्या वस्तीतला माणूस नुसता ताठ चालला तरी गावाच्या डोळ्यात खुपायचा. दुपारपर्यंत बाजारभर बोभाटा झाला, ड्रायव्हरनं रेडिओ मारला म्हणून.

हातापाया पडून गाडी परभणीला मिस्त्रीकडं न्यायची परवानगी मिळवली. मिस्त्रीनं अक्षरं वाचली आणि हसला.

"अरे, हा तर कोड मागायलाय. बॅटरी काढली होती का?"

"दर रविवारी काढतो."

"मग बरोबर हाय. करंट तुटला की ह्याला वाटतं, चोरानं उचकटलं आपल्याला. मग कुलूप लावून बसतो. चार आकडी नंबर दाबल्याबिगर बोलत न्हाई. अंदाजानं दाबू नको, कायमचा बसंल." मग गाडीच्या खिडकीवर हात ठेवून म्हणाला, "नंबराचं कार्ड येतं संगं. ज्या सेटचं कार्ड, त्याच सेटला ते चालतं. जावयाच्या कार्डावरचा नंबर लागला म्हंजे सेट तोच. तुझी सुटका."

म्हणजे कुलूप चोरासाठी, आणि ते उघडल्याशिवाय मी चोर. वा रे न्याय!

सोनपेठला येऊन मालकीणबाईंना विचारलं. त्या घराची रीत मला ठाऊक होती. नवी वस्तू आली की तिचे कागद देवघरात जायचे, हळदीकुंकू वाहिलं जायचं आणि ते तिथंच राहायचे. पण आमच्यातल्या माणसाला ओसरीच्या पुढं पाऊल टाकायची सोय नव्हती. नाहीतर दोन मिनिटांत शोधून आणलं असतं.

"असलं कार्डबिर्ड काई न्हाई," मालकीणबाई दारातूनच म्हणाल्या. आत वळूनसुद्धा बघितलं नाही.

एका जुन्या पाकिटावरून पत्ता उतरवून घेतला आणि मीच जावयाला पत्र लिहिलं. उत्तर यायला दीड महिना गेला. तो दीड महिना किल्ली मालकाच्या कमरेला. मी गाडी धुवायची, पुसायची, आणि संध्याकाळी घरी निघालो की माझी पिशवी उघडून दाखवायची. रिकामा डबासुद्धा झाकण काढून बघायचे. माझ्या हातांनी मी ते झाकण काढत होतो, आज आठवलं तरी अंगाचा तिळपापड होतो.

बायको म्हणायची, "तुमी कशाला सोसता एवढं? सोडा ती नोकरी."

"आत्ता सोडली तर चोर होता म्हणूनच पळाला म्हणतील. नंबर येऊ दे."

उत्तर मालकाच्या नावानं आलं. जावयानं लिहिलं होतं, 'कार्ड आईंच्या हातात दिलं होतं. माझ्यासमोरच त्यांनी ते हळदीकुंकू लावून देवाच्या पाटाखाली ठेवलं.'

मालक आत गेले आणि कार्ड घेऊन आले. एक आकडा कुंकवानं झाकला होता. मी पुसायला बोट पुढं केलं तर मालकीणबाई दारातून ओरडल्या, "हात लावू नको, देवाचं हाय!"

मालकांनी धोतराच्या सोग्यानं पुसलं. कमरेची किल्ली माझ्या हातात दिली आणि गाडीत बसून ते एकेक आकडा सांगत गेले, मी दाबत गेलो. चौथा दाबला आणि रेडिओ बोलायला लागला. कापसावरच्या फवारणीची माहिती चालली होती. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, लाजत नाही सांगायला.

"मालक," मी म्हणालो, "एवढं एकदा बाजारात सांगा, मी चोर न्हाई म्हणून."

 मालकांनी हात लांब करून आवाज वाढवला.

ते उतरून दुकानात गेले तेव्हा कार्ड सीटवरच पडलं होतं. मी किल्ली सीटवर ठेवली, कार्ड उचललं, खिशात घातलं आणि चालायला लागलो. त्या दिवशी माझी पिशवी कुणी बघितली नाही.

पुढचा रविवार आला, लाइट गेली, बॅटरी ओसरीवर आली, मालिका लागली. सोमवारी मालकाचा हमाल माझ्या दारात.

"मालक इचारायलेत, कार्ड कुठं हाय?"

"देवघरात बघा म्हणावं," मी म्हणालो. "तिथं मला जाता येत न्हाई."