सोजरआत्याचा शनिवार

माझ्या आतेभावाचा, नरहरीचा फोन आला तेव्हा मी परभणीत, शाळेत शिकवायला निघायच्या गडबडीत होते. "ताई, माय गेली," एवढंच तो बोलला. सोजरआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. पोखर्णीजवळच्या खेड्यात शेरडं राखून तिनं आयुष्य काढलं. गेली ती सकाळी दळण निवडता निवडता, छातीत कळ येऊन. त्याला आता काही आठवडे झाले. भेटेल तो तिच्या शेरडांबद्दल, तिच्या फटकळ बोलण्याबद्दल सांगतो. मला मात्र राहून राहून आठवतो तो तिनं सोडलेला उपवास.

तिला साखर असल्याचं उशिरा कळलं. नजर धूसर झाली होती, टाचेची जखम भरत नव्हती, कितीही पाणी प्यायली तरी घसा कोरडाच. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. शेजारणींनी घाबरवलं, एकदा सुरू झाली की गोळी जन्माची मागं लागते म्हणून. आत्या म्हणाली, "लागू द्या. शेरडं बी जन्माचीच मागं लागलीत की!" गोळ्या लागू पडल्या, जखम सुकली. एके दिवशी तिनं सुईत दोरा ओवला आणि माझ्यापुढं धरला. "बघ, दिसायलंय!" लहान पोरीसारखी हसली होती तेव्हा.

पण शनिवारी तिचा नृसिंहाचा निरंकार उपवास असे, दिवसभर अन्नाचा कण नाही. आधीची लेकरं जगली नव्हती. नरहरी वाचला तर मरेपर्यंत शनिवार धरीन, असं ती देवळात बोलून बसली होती. डॉक्टरांनी गोळी जेवणाआधी घ्यायला सांगितली होती. उपवासाचं तिनं त्यांना कधी सांगितलंच नाही. उपवास चुकवायचा नाही आणि गोळीही चुकवायची नाही, एवढंच तिला ठाऊक. अशाच एका शनिवारी शेरडं आपली आपण घरी आली, आत्या आली नाही. नरहरी माळावर धावला. ती बाभळीखाली घामानं निथळत, थरथरत बसली होती आणि त्याच्याकडं बघून विचारत होती, "तू कोणाचा रं?"

जवळच्या आखाड्यावरून, शेतातल्या घरातून साखरपाणी आणून त्यानं तिला घोट घोट पाजलं, तेव्हा कुठं तिला ओळख पटली. पुढं दवाखान्यात मी होते. डॉक्टर म्हणाले, "मावशी, ही गोळी साखर खाली ओढते. पोटात काही नसेल तर ती फारच खाली जाते. मी गोळी बदलून देतो, पण दिवसभर उपाशी राहणं आता तुम्हाला झेपायचं नाही." घरी आल्यावर भावकी म्हणाली, गोळ्यांनीच घात केला, बंद करून टाका. आत्यानं ते कानाआड केलं. मग मला म्हणाली, "मला देवाकडं घेऊन चल."

पोखर्णीच्या देवळात ती हात न जोडताच उभी राहिली. माणसाशी बोलावं तशी बोलली. "देवा, पोरगं तू दिलंस. अन् त्यालाच मी वळखलं न्हाई... असला उपास तुला तरी कशाला पायजे? आता शनिवारी खाणार हाय मी. राग आला तर माझ्यावर काढ, त्याच्यावर नको." शेवटी शेवटी तिला रडू फुटलं. आत्याला रडताना मी तेव्हाच पाहिलं. मागं उभा असलेला नरहरी पुढं आला. "माय, तू खा. शनिवार मी धरतो."

तेव्हापासून शनिवारी सकाळी नरहरीची बायको मंदा सगळ्यांत आधी एक भाकरी करायची. आत्या गोळी घेऊन चुलीशी बसायची, ती उपाशी लेकाकडं पाठ करून. "त्याच्यासमोर घास उतरत न्हाई," म्हणायची. पण खायची, शेवटचा तुकडा संपेपर्यंत.

परवाच्या शनिवारी मी तिकडं गेले होते. नरहरी उपाशीच ओसरीवर बसला होता. मंदानं सवयीनं भाकरी थापली, भाजली, ताटलीत काढली आणि मग तिच्या लक्षात आलं... ताटली धरून ती तशीच उभी राहिली. मी ती तिच्या हातून घेतली, नरहरीकडं पाठ केली आणि चुलीशी बसून खाल्ली.