काढून टाकलेल्या कूलरची हवा

भूत, चमत्कार, अंगात येणं – असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. मी उदगीरचा कूलर-मोटारवाला. हवा येते ती पंख्याने येते, आणि पंखा फिरतो तो करंटने, एवढंच मला ठाऊक. तरीही हे लिहितोय, कारण घरात सांगितलं की बायको हसते.

देवणी रस्त्याला एक जुनं चर्च आहे. त्याला लागूनच त्यांची शाळा. चर्चच्या मागच्या ओट्यावर खोलीएवढा पत्र्याचा कूलर होता. त्याची हवा छताखालच्या डक्टमधून अर्धी चर्चमध्ये आणि अर्धी शाळेच्या हॉलमध्ये जायची. तो कूलर म्हणजे माझा जीव! दरवर्षी ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारआधी मी त्याला नवीन वाळ्याच्या ताट्या बसवायचो. आम्ही लिंगायत, म्हणून मोटारीला विभूतीची तीन बोटं ओढायचो. मग फादर येऊन त्यावर पवित्र पाणी शिंपडायचे आणि म्हणायचे, "तुमचं बी झालं, आमचं बी झालं... आता बंद पडायची हिंमत न्हाई तिची!"

पण पत्रा सडला. ठिगळाला ठिगळ लागत नव्हतं. एसी बसवायचं ठरलं आणि काम गेलं कुणाला? माझ्या साडूला! बसूअप्पा, नांदेडला मोठं दुकान, पांढरे बूट. त्या चर्चचा रस्ता त्याला मीच दाखवला होता... एका लग्नाला जाताना सहज. माझ्या अंगाची नुसती लाही झाली. बायको म्हणाली, "लई जळायलाव तुम्ही. तुम्हाला एसीतलं काय कळतंय?" एक तर ती सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याची बाजू घेते, वर खरंही बोलते. जेवण गेलं नाही त्या दिवशी.

वरून जुना कूलर काढायला मलाच बोलावलं. त्याचे नटबोल्ट दुसऱ्या कुणाला उमगेनात. मोटार मी माझ्या हाताने उतरवली, वायर तोडली, पत्रा भंगारवाल्याने नेला. भिंतीतलं डक्टचं भोक गवंड्याने माझ्यासमोर विटांनी बुजवलं. आत नुसता रिकामा डक्ट राहिला. तो शाळेला सुट्टी लागली की काढायचा होता.

एसी चालू करायचा रविवार आला. फादरांनी आम्हा दोघांनाही बायकांसकट बोलावलं होतं. बसूअप्पा पुढच्या बाकावर, गळ्यात हार. मी मागं, दाराजवळ. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. मिस्सा, म्हणजे त्यांची रविवारची उपासना, निम्म्यावर आली आणि लाईट गेली. एसी बंद! जनरेटरवर फक्त माईक. खरं सांगतो, मनातल्या मनात मी पेढे वाटले.

आणि मग वेदीवरच्या मेणबत्त्यांच्या ज्योती एकदम वाकल्या.

लोकांनी माना वर केल्या. झाडलोट करणाऱ्या मार्थाबाईंनी पदर अंगाभोवती घट्ट ओढला. माझी बायको शेजारच्या बाईला म्हणाली, "वाळ्याचा वास यायलाय." फादर वाचता वाचता थांबले आणि डक्टच्या जाळीकडे बघत राहिले. शाळेच्या हॉलमध्ये रविवारच्या धर्मशिक्षणाला बसलेली पोरं ओरडली, "कूलर! कूलर!"

मला काहीच येत नव्हतं. ना वास, ना हवा. शर्ट पाठीला चिकटलेला.

बसूअप्पा धावत माझ्याकडे आला. "अप्पा, हे कसं केलंत? काढला होता ना तुम्ही?"

मी बाहेर पळालो. ओटा मोकळा. विटा जागच्या जागी, वरचा गिलावाही शाबूत. आत आलो, बाकावर चढून जाळीला तळहात लावला. पत्रा गरम, आत सगळं निपचित. माझ्या शेजारीच उभ्या बसूअप्पाचे केस मात्र भुरभुर उडत होते... हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"हितं या अप्पा, हितं लई लागायलंय," म्हणत त्याने मला हाताला धरून स्वतःच्या जागी उभं केलं आणि तो माझ्या जागेवर गेला. चांगला माणूस आहे हो तो, तेच तर सोसत नाही. मी डोळे मिटून उभा राहिलो. घामाचा थेंब नाकावरून खाली आला. डोळे उघडले तर केस त्याचेच उडत होते.

लाईट आली तशी हवा थांबली म्हणे. 'म्हणे', कारण मला ती सुरू झालेलीच कळली नव्हती.

सुट्टीत डक्ट उतरवला. आत धूळ आणि कबुतराची पिसं. कुठं फट नाही, काही नाही. बसूअप्पा आता प्रत्येक लग्नात हा किस्सा सांगतो, अंगावर काटा आणून. लोक माझ्याकडे वळतात – "अप्पा, तुम्ही तर तिथंच होता, कशी होती हवा?"

फादर म्हणाले, "देवाच्या मनात काय असतं, आपल्याला न्हाई कळत." असेल. हवा कुठून आली हे मी कुणाला विचारतच नाही. चर्चभर माणसं होती, पहिल्यांदाच आलेले पाहुणेही होते. त्या सगळ्यांना आली. मग मलाच का नाही?

बायकोला एकदा विचारलंही. ती हसली नाही त्या दिवशी. म्हणाली, "खरंच लई गार होती ओ."