पाचपैकी तीन

रिक्षावाल्यांशी माझं भांडण तत्त्वाचं होतं. उधन्याच्या आमच्या सोसायटीच्या गेटलाच त्यांचा स्टँड आहे, आणि शाळेत होते तोवर बत्तीस वर्षं मी तिथूनच रिक्षा पकडली. मीटर निव्वळ शोभेचं. भाडं बसताना ठरायचं आणि उतरताना पुन्हा ठरायचं. मागे तिघी बसल्या तरी रिक्षा भरली असं त्यांना वाटत नसे. "बेन, थोडुं खसो," म्हणजे जरा सरका, असं गुजरातीत म्हणत चौथीला कोंबायचे आणि पाचव्याला स्वतःच्या शेजारी घेऊन अर्धे बाहेर लटकत चालवायचे. मी दर वेळी भांडायचे आणि दर वेळी खसायचे.

निवृत्तीनंतर डावा गुडघा बिघडला आणि मंगळवारी-शुक्रवारी कतारगामला व्यायामासाठी जाणं आलं. तेव्हा पुण्याच्या मुलीने माझ्या फोनवर टॅक्सीचं ॲप टाकून दिलं. गाडी दारात, भाडं आधीच कळलेलं, शेजारी कोणाचं कोपर नाही. मी त्या दिवशीच रिक्षाला रामराम ठोकला. आमच्या ह्यांना ते पटलं नाही. हे बँकेत होते, माणसं ओळखण्यावर ह्यांचा फार विश्वास. रिक्षावाला निदान आपलं तोंड ओळखतो, फोनमधल्या गाडीला आपण कोण, असं ह्यांचं म्हणणं. तोंड ओळखतो म्हणूनच दहा रुपये जास्त मागतो, असं माझं. हा वाद आमच्याकडे चहाबरोबर रोज निघायचा आणि चहाबरोबर संपायचा.

आमची सोसायटी मराठी माध्यमाच्या शिक्षकांनी मिळून बांधलेली. बहुतेक सगळे आता निवृत्त, आणि बहुतेकांचे गुडघे माझ्यासारखेच. मी एका संध्याकाळी अंगणातल्या बाकांवर सगळ्यांना जमवलं आणि ॲप शिकवलं. ठिकाण कसं टाकायचं, ड्रायव्हरला ओटीपीचा आकडा कधी सांगायचा, आणि शेवटी स्टार कसे द्यायचे. प्रवास संपला की ॲप विचारतं, ड्रायव्हर कसा होता, पाचपैकी किती? हा भाग मी विशेष तब्येतीत शिकवला. पैकीच्या पैकी द्यायचे नाहीत, माणूस फुगतो. चांगला असेल तर तीन. पाचपैकी तीन म्हणजे साठ टक्के, म्हणजे फर्स्ट क्लास. अगदीच असामान्य असेल तर चार. सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण सगळ्यांनी जन्मभर तेच केलं होतं. शाळेत माझी ख्याती होती की बाई मार्क देत नाहीत, आणि दिलेला मार्क पालक दारात येऊन बसले तरी बदलत नाहीत. मला त्या ख्यातीचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू, अजूनही थोडा आहे.

मंगळवार-शुक्रवारी बहुतेक एकच गाडी यायची. ड्रायव्हर चाळिशीचा, शिंदखेड्याकडचा. पंधरा वर्षं पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये रंगाच्या वाफेत काढलेली. छातीत खोकला बसला तेव्हा डॉक्टरांनी मिल सोडायला सांगितलं आणि तो गाडीवर आला. मी शिक्षिका होते हे कळल्यावर मला मॅडमऐवजी बाई म्हणायला लागला. गाडी स्वच्छ, हॉर्न कमी, पुलावरून उतरताना माझ्या गुडघ्यासाठी ब्रेक हळू. उतरताना मी त्याला न चुकता सांगायचे, "गाडी छान चालवता हो." मग फुटपाथवर उभी राहून, चष्मा लावून, तीन स्टार द्यायचे.

चार-पाच महिन्यांनी आमच्याकडे गाड्या येईनाशा झाल्या. बुकिंग व्हायचं, नकाशावर गाडी दोन गल्ल्या पुढे येऊन थबकायची आणि कॅन्सल. पुन्हा बुक करा, पुन्हा कॅन्सल. एका बाईंची डॉक्टरांची वेळ चुकली, एका सरांची गाडी स्टेशनवरून सुटली. बाकांवर रोज त्यावरच चर्चा. कोणी म्हणालं ड्रायव्हर माजले, कोणी म्हणालं कंपनीला शिकलेली गिऱ्हाइकं नकोत. मी तर कंपनीला द्यायचं दोन पानी पत्र लिहायला घेतलं. आमचे हे मात्र खूश होते. खाली जाऊन रिक्षात बसायचे आणि मला गॅलरीत बघून हात हलवायचे.

शेवटी एका गुरुवारी मलाही झक मारत स्टँडवर जावं लागलं. तिथला सगळ्यात जुना रिक्षावाला मला बघून हसला. "बेन, रिक्षा कॅन्सल नथी थती," रिक्षा कधी कॅन्सल होत नाही, म्हणाला, आणि मग त्याने कारण सांगितलं. ॲपवाले ड्रायव्हर त्याच्या स्टँडशेजारच्या टपरीवरच चहा पितात. आमच्या सोसायटीचं नाव फोनवर दिसलं की एकमेकांना सांगतात, "अहीं मास्तरो रहे छे, मार्क कापे छे."

मला राग आला. मार्क कापणं आणि मार्क देणं यातला फरक न कळणाऱ्यांशी काय बोलायचं? घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे इतके हसले की चहा सांडला. ह्यांनी मला म्हण ऐकवली, करून करून भागले आणि देवपूजेला लागले. ती इथे मुळीच बसत नव्हती, हे मी त्यांना समजावून दिलं. मार्क बदलायचा तर विचारसुद्धा केला नाही. तीन होते, ते बरोबरच होते.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. बाकी कोणी येवो न येवो, शिंदखेड्याचा ड्रायव्हर आलाच. रिंगरोडवर सिग्नलला त्याच्या बायकोचा फोन आला, आवाज गाडीच्या स्पीकरवर. माझं माहेर धुळ्याकडचं, अहिराणी मला समजते, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"आयडी बंद व्हई गयी ते?" बंद झाली तर, असं तिने विचारलं.

"ते परत डाइंगले जासू."

"आनि खोकलानं काय?"

सिग्नल सुटला, त्याने गाडी पुढे घेतली. मग तिने विचारलं की तुमनं असं काय चुकस, आणि त्याला तेही सांगता येईना. फोन ठेवल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, काय झालं? त्याने सांगितलं, स्टारचा आकडा खाली आलाय, कंपनीचा मेसेज आलाय, महिन्याभरात वर गेला नाही तर आयडी बंद, म्हणजे गाडी बंद. मी विचारलं, तीन वाईट असतात का? तो म्हणाला, बाई, तिथे चारसुद्धा वाईट. पाच नसले की कंपनी समजते ड्रायव्हरने काहीतरी केलं.

त्या दिवशी व्यायाम करताना मला गुडघा जाणवलाच नाही. मी त्याला नापास करत होते, दर मंगळवारी आणि दर शुक्रवारी, वर सोसायटीभर शिकवण्या घेऊन. घरी आल्याबरोबर त्याचे जुने मार्क बदलायला गेले. ॲप बदलू देईना. एकदा दिला तो दिला. हा नियम मला पुरता ओळखीचा होता, आणि पहिल्यांदाच तो मला निर्दय वाटला.

संध्याकाळी पुन्हा सगळ्यांना बाकांवर बोलावलं आणि सरळ सांगितलं, चूक माझी. गणिताचे सर उखडले. भूमितीत एक पायरी राहिली तरी ते अर्धा मार्क कापत आले होते. ही खिरापत ते वाटणार नव्हते. मी म्हणाले, "सर, आपण पेपर तपासले, पण पासिंग किती ते विचारलंच नाही." सर बराच वेळ छडीसारखी काठी हातात फिरवत बसले. शेवटी तयार झाले, पण पाच स्टारबरोबर शेरा लिहायची सोय आहे का, ते विचारून घेतलं. सोय होती. मग सगळ्यांनाच जोर आला.

महिनाभर आम्ही मिळेल त्या निमित्ताने गाड्या मागवल्या. भाजीला रिक्षाने जाणारे टॅक्सीने गेले. यायला तयार फक्त शिंदखेड्याचाच होता, त्यामुळे बहुतेक फेऱ्या त्यालाच. "ब्रेकवर उत्तम ताबा", "वळण शास्त्रशुद्ध", असे शेरे त्याच्या खात्यात पडू लागले. हळूहळू दुसऱ्या गाड्याही गेटपर्यंत यायला लागल्या.

महिना संपला त्या मंगळवारी तो पेढ्यांचा पुडा घेऊनच आला. "बाई, पास झालो," म्हणाला आणि पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला. गाडी चालवता चालवता सांगत होता की बाकीचे ड्रायव्हर त्याला वेडा म्हणायचे, त्या सोसायटीचं भाडं घेऊ नको म्हणायचे. "मी म्हणायचो, तिथे एक बाई आहेत, त्या दर वेळी चांगलं म्हणतात. तीन देणारा दुसरा कोणीतरी असेल."

गप्प बसता आलं असतं. आयडी वाचली होती, पेढा गोड होता, आणि ॲप कोणाचं नाव सांगत नाही. पण बत्तीस वर्षं मी प्रत्येक पेपरवर तपासणाऱ्याची सही केली आहे.

"ते तीन माझेच होते," मी म्हणाले. "दर वेळचे."

त्याने गाडी पुलावर घेतली. उतारावर नेहमीसारखा हळू ब्रेक लावला. मग आरशात न बघता, अगदी मनापासून विचारलं, "मग बाई, काय कमी पडत होतं?"

हा प्रश्न मला कधी कोणी तोंडाने विचारला नव्हता. विचारायची सोयच मी ठेवली नव्हती. मी खरोखर आठवून पाहिलं, एखादं वळण, एखादा उशीर, एखादा वाकडा शब्द. काही सापडेना.

"काहीच नाही," मी म्हणाले. "पाचच होते."

त्याने मान हलवली आणि म्हणाला, बाई, पेढा खा आता, हातातच राहिलाय.