बोटांतला भाता

आमच्या राहू गावच्या महिला भजनी मंडळात पेटी मीच वाजवते, कुणी न शिकवता. म्हणून भाचीच्या हळदीला दौंडहून वाजवायला आलेली ती बाई मला पहिल्यापासून खुपली. नाव मी विचारलंच नाही. तिचा सिंथेसायझर एवढा लांब आणि जड, की दोन बाप्यांनी धरून टेम्पोतून उतरवला.

"अगं, हलका मिळतो की! एवढं धूड कशाला?" मी म्हणाले.

"हलक्याच्या पट्ट्या बारक्या आन् पोकळ असत्यात, मावशी. बोट नुसतं घसरतं. ह्या जड हायेत. हळू दाबलं की हळू बोलत्यात, जोरात दाबलं की जोरात."

पदराला हात पुसून ती वाजवायला बसली. आणि खरंच, सूर कुजबुजायचा काय, गरजायचा काय! आमचा एक हात जन्मभर भात्याला जुंपलेला, हिचा भाता बोटांतच. माझ्याच मंडळातल्या बाया म्हणाल्या, "एकादशीच्या भजनाला हिलाच बसवू." पोटात दुखलंच माझ्या, खोटं कशाला बोलू?

"सरक गं, बघू," म्हणत मी तिच्या खुर्चीवर बसले. उजव्या हातानं अभंग धरला, आणि डावा हात आपोआप मागं भाता शोधायला गेला. बाया खदाखदा हसल्या.

ती मात्र हसली नाही. हळूच म्हणाली, "माझाबी जातो अजून, मावशी. मीबी पेटीवालीच."

हसली असती तर बरं झालं असतं. रागवायला तेवढं तरी हाती लागलं असतं.