गादीवरचं निदान

बंगळूरच्या चिकपेटमधल्या त्या साडीच्या दुकानात गादीवर बसणाऱ्या अण्णांचं नाव मला अजून ठाऊक नाही. साडी उलगडण्याआधी ते गिऱ्हाइकाची कंबर बघतात. कोण गुडघ्यावर हात टेकून बसतं, कोण एका अंगाला कलतं, सगळं त्यांच्या ध्यानात येतं.

“अक्का, ऑफिसात बसून बसून कंबर आखडलीय. स्वल्प चालत जा, जाईल आपोआप,” असं ते अगदी परक्या बाईलाही सांगतात. “कळ पायात उतरली तर मात्र शीर दबली समजा. आणि पाऊल बधिर झालं, की डॉक्टरकडे पळायचं.”

मी फिजिओथेरपिस्ट आहे, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांचं बहुतेक बरोबरच असतं. स्वतः मात्र दिवसभर पुढे वाकून साड्या पसरतात आणि उठताना खांब धरतात. मी विचारलं, की हसून म्हणतात, “सरी अक्का, असू दे, धंद्याची सवय.”

परवा भर दुपारी मला ऑटो थांबवून द्यायला ते पायरीवरच्या आपल्या चपला घालून माझ्यापुढे निघाले. रस्ता चटके देत होता. दहा-बारा पावलांवर मला त्यांची डावी चप्पल डांबरावर पडलेली दिसली. ते तसेच चालत राहिले होते.

मी चप्पल उचलली, त्यांना गाठलं आणि समोर धरली. त्यांनी ती नीट निरखली.

“अय्यो, कुणाची हो अक्का ही?”